वर्ध्याची लिपी आणि खिशातले यंत्र

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की सूत, खादी, नयी तालीम आणि भूदान या गोष्टी ओळीने मनात उभ्या राहतात. ते योग्यच आहे. परंतु या जिल्ह्यात आणखी एक उद्योग मोठ्या निष्ठेने चालला होता आणि त्याची आठवण आता फारसे कोणी काढीत नाही. तो उद्योग म्हणजे नागरी अक्षरांना यंत्राजोगे करण्याचा. आजच्या भाषणाचा विषय मोबाइल फोनवरील पहिली वेब ॲपे हा आहे. श्रोत्यांना नवल वाटेल, परंतु ही हकीकत मराठी वाचकाच्या बाजूने सांगावयाची तर आरंभ वर्ध्यापासूनच करावा लागतो. कारण यंत्रासाठी अक्षराने वाकावयाचे की अक्षरासाठी यंत्राने, हा वाद तेथे सत्तर वर्षे आधी होऊन गेला होता.

१९३५ साली इंदूर येथे हिंदी साहित्य संमेलनाचे अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरले आणि नागरी लिपीच्या सुधारणेसाठी एक समिती नेमण्यात आली. तिची धुरा काकासाहेब कालेलकरांकडे होती. साताऱ्यात जन्मलेला, मराठी मातृभाषेचा आणि गुजरातीत कीर्ती मिळविलेला हा पुरुष अशा कामाला अगदी योग्य होता. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, आणि तिच्या पुस्तकांतून सुधारलेली अक्षरे लोकांच्या हाती पडू लागली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ हे स्वतंत्र स्वर काढून टाकावेत आणि एका ‘अ’लाच सगळ्या मात्रा लावाव्यात, म्हणजे अि, अी, अु, अू, अे, अै, अशी ती योजना होती. ही ‘अ’ची बाराखडी रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनीही हिरिरीने पुरस्कारिली होती. राजकारणात ज्यांची तोंडे दोन दिशांना होती, ती मंडळी या एका बाबतीत एका ओळीत बसली, ही मौज लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे सर्व कशासाठी? जुळाऱ्यासाठी आणि टाइपरायटरसाठी. इंग्रजी मजकूर जुळविणाऱ्याच्या पेटीत जेवढे खिळे असत, त्याच्या कितीतरी पट खिळे नागरी जुळाऱ्यापुढे मांडलेले असत. मात्रा अक्षराच्या डोक्यावर, उकार पायाशी, ह्रस्व वेलांटी उच्चारात मागाहून येणारी आणि लेखनात आधी बसणारी. शिवाय जोडाक्षरांचा गोतावळा निराळाच. टाइपरायटरच्या मोजक्या कळांवर हा संसार मावेना. पुस्तक स्वस्त झाले नाही तर खेड्यातला मनुष्य वाचणार कसा, अशी या मंडळींची खरी तळमळ होती. त्यांना अरसिक म्हणणारे पुष्कळ निघाले. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो.

विनोबा याही पुढे गेले. पवनारच्या या तपस्व्याची लोकनागरी भूदान चळवळीच्या पत्रांतून छापली जात असे. तिच्यात ह्रस्व इकार अक्षराच्या मागून, आजच्या दीर्घ वेलांटीच्या आकाराने लिहीत. दीर्घासाठी वेगळे चिन्ह असे. आणि जोडाक्षरे न जुळविता हलन्ताचे चिन्ह देऊन अक्षरे सुटी ठेवीत. म्हणजे ज्या क्रमाने उच्चार, त्याच क्रमाने लेखन. तर्काने पाहिले तर यात काही उणे नव्हते. पण डोळ्याला सवय नव्हती, आणि लिपीच्या राज्यात डोळा हाच राजा. आचार्य नरेंद्र देव यांच्या समितीने ‘अ’ची बाराखडी स्वीकारली नाही. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ह्रस्व वेलांटी उजवीकडे आणण्याचा निर्णय घेतला. थोड्याच वर्षांत तोही मागे घ्यावा लागला. शाळेतली मुले पुन्हा पूर्वीच्याच ‘कि’कडे आली आणि यंत्राची अडचण यंत्रापाशीच राहिली.

सेवाग्रामच्या आश्रमात एक टेलिफोन जपून ठेविलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सरकारने गांधीजींशी बोलणे सुलभ व्हावे म्हणून तो बसविला होता. त्या यंत्रातून आवाज जात असे; अक्षर जात नसे. म्हणून लिपीची कटकट तेथे उद्भवली नाही. टेलिफोनवर अक्षरे उमटू लागली तेव्हा मात्र ती उद्भवली, आणि या हकीकतीचा दुसरा भाग तेथून सुरू होतो.

वेब ॲप म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या फोनमध्ये एखादा प्रोग्रॅम उतरवून घेऊन बसवावयाचा, ही एक रीत. ते घरचे जाते आहे: जागा अडविते, पण हाताशी असते. दुसरी रीत अशी की प्रोग्रॅम दूरच्या एका संगणकावर राहतो. आपण ब्राउझरमधून त्याचा पत्ता मागतो, तो आपले काम तेथे दळून पीठ आपल्याकडे पाठवितो. ही गिरणी झाली. जागा लागत नाही, गिरणीवाल्याने दगड बदलला की सगळ्या गावाला चांगले पीठ मिळते. पण गिरणी बंद असली किंवा वाट तुटली तर घरात दाणे असून उपास. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने १९३४ सालापासून जात्याची बाजू घेऊन गिरणीशी वाद मांडला होता, तेव्हा ही उपमा तेथील लोकांना समजावून सांगण्याची गरज पडू नये.

फोनवर गिरणीचे पीठ आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९९९ साली झाला. त्या वर्षी फेब्रुवारीत जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीने आय-मोड सुरू केले, आणि युरोपात वॅप नावाच्या पद्धतीचे फोन निघाले. आय-मोडमध्ये साध्याच वेबपानांची भाषा थोडी आखडून वापरली होती. म्हणून जपानी लोकांनी त्यावर तिकिटे काढली, बँकेचे व्यवहार केले. वॅपने स्वतःची निराळी भाषा काढली, पाने लिहिणारे थोडे निघाले, आणि लोक कंटाळले. मध्यंतरी मोठ्या संगणकावर एक क्रांती होऊन गेली. २००४ साली जीमेल आणि २००५ साली गूगल मॅप्स आले. सबंध पान पुन्हा न मागविता त्यातला हवा तेवढाच तुकडा बदलून घेण्याची युक्ती त्यांत होती. वेबचे पान म्हणजे केवळ वाचावयाचा कागद नव्हे, त्यावर काम करता येते, हे लोकांना तेव्हा कळले.

म्हणून २००७ सालच्या ११ जूनला ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनवर बाहेरच्या लोकांनी प्रोग्रॅम कसे लिहावयाचे याचे जे उत्तर दिले, ते त्या काळी वाटते तितके विचित्र नव्हते. फोनमध्ये सफारी हा पूर्ण ब्राउझर आहे. त्यातून चालतील अशी वेब ॲपे लिहा, वेगळे काही बसविण्याची गरज नाही, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. प्रोग्रॅम लिहिणारे रुसले. त्यांना कॅमेरा हवा होता, वेग हवा होता, तार तुटली तरी चालणारे काम हवे होते. चार महिन्यांत, १७ ऑक्टोबरला, कंपनीने माघार जाहीर केली. आणि १० जुलै २००८ रोजी ॲप स्टोअर नावाचा बाजार उघडला. वेब ॲपांचे आयफोनवरील पहिले राज्य अशा रीतीने वर्षभराच्या आतबाहेर आटोपले. इतिहासाची पुस्तके हा अध्याय बहुधा येथेच मिटवितात.

आपण तो मिटविण्याचे कारण नाही. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन हिंदुस्थानात विक्रीस आला तेव्हा त्याची किंमत एकतीस हजार रुपयांपासून पुढे होती. देवळी-पुलगावच्या बाजारात त्या पैशात काय काय येते ते सांगत बसत नाही. इकडे लोकांच्या हातात होते ते कळा दाबण्याचे लहान फोन. जावा नावाची एक आटोपशीर सोय असलेले, मंद जीपीआरएसवर चालणारे. दहा किलोबाइटला दहा पैसे असा दर तेव्हा सर्रास असे. एखादे मोठे पान उघडले की रुपये चालते होत. अशा फोनवर जर कोणी खऱ्या अर्थाने वेब आणले असेल तर ते नॉर्वेतील एका कंपनीच्या ऑपेरा मिनी या ब्राउझरने. २००६ सालच्या जानेवारीत तो जगभर खुला झाला.

त्याची युक्ती गिरणीचीच, पण दुहेरी. फोन थेट संकेतस्थळाकडे जात नसे. तो ऑपेराच्या संगणकाला निरोप धाडी. तो संगणक पान आणी, वाची, मांडी, चित्रे आखडून टाकी, आणि दाबून-चेपून एक लहानशी पुरचुंडी फोनकडे पाठवी. मूळ पानाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ती लहान होऊ शके. फोनला विचार करावयाचे कामच उरले नाही; त्याने पुरचुंडी सोडून दाखवावयाची एवढेच. बिल कमी, वेळ कमी.

परंतु मराठी पान उघडले की पडद्यावर चौकोन उमटत. रिकाम्या चौकोनांच्या ओळीमागून ओळी! फोनमध्ये नागरी टंकच नसे. याच्याही आधीची स्थिती आणखी विनोदी होती. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले टंक वापरीत. त्यांत नागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी चोरून बसविलेली असत. तो टंक घरच्या संगणकावर उतरवून घेता येई, फोनवर येत नसे. तेव्हा अग्रलेख उघडावा तर इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक पाऊस. चौकोन ही त्यामानाने प्रगतीच म्हणावयाची. निदान काही तरी आपले येथे आहे पण दिसत नाही, एवढे यंत्र प्रामाणिकपणे सांगत होते.

काही फोनांत टंक होता पण अक्षरे जुळविण्याचे ज्ञान नव्हते, आणि येथे वर्ध्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. युनिकोडमध्ये नागरी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो. आधी व्यंजन, मग स्वरचिन्ह. ही व्यवस्था हिंदुस्थानात १९८८ साली ठरलेल्या इस्की या संकेतपद्धतीवरून १९९१ साली युनिकोडने घेतली. ती फार शहाणपणाची आहे. पण साठविलेले दाखविताना वेलांटी उचलून अक्षराच्या आधी नेणे, हलन्त पाहून जोडाक्षर घडविणे, रफार डोक्यावर चढविणे, ही कामे यंत्राला शिकवावी लागतात. न शिकलेले यंत्र जसे साठविले तसेच दाखवी: इकार अक्षराच्या मागे, जोडाक्षरे हलन्ताने फोडलेली. विनोबांनी विचारपूर्वक जे केले तेच या अर्धवट शिकलेल्या यंत्राने अजाणता केले! भेद एवढाच की विनोबांनी मागे नेलेल्या इकाराचा आकारही बदलला होता, म्हणून वाचणाऱ्याला तो कोणत्या अक्षराचा हे कळे. यंत्राने आकार जुनाच ठेविला. त्यामुळे ‘किसन’ या नावातील वेलांटी क आणि स यांच्या मध्ये पडे आणि डोळा वाचे ‘कसिन’. विठ्ठलाची वेलांटीही अशीच पुढच्या अक्षराच्या गळ्यात पडे.

यावर ऑपेरा मिनीत जो तोडगा निघाला तो मला या सर्व हकीकतीत अधिक मनोवेधक वाटतो. पत्त्याच्या रकान्यात एक ठरावीक शब्द लिहिला की आडबाजूची एक यादी उघडे. तिच्यात अवघड लिप्यांसाठी अक्षरांची चित्रे वापरावी काय, असा एक प्रश्न असे. त्याला होकार दिला की पुढचे काम दूरचा संगणक करी. नागरी मजकूर तो आपल्याकडे शुद्ध जुळवी, त्याचे चित्र काढी, आणि ते चित्र फोनकडे पाठवी. फोनला नागरी येत नव्हती, आणि येण्याची गरजही उरली नाही. छापखान्याच्या भाषेत सांगावयाचे तर खिळे जुळविणे सोडून ओळीचा ठसाच पाठविण्यासारखे हे होते. ही खूण मित्राने मित्राला सांगितली, कोणी आपल्या लेखनातून सांगितली, आणि ज्या फोनांच्या निर्मात्यांनी मराठीचा विचारही केला नव्हता त्या फोनांवर मराठी वाचली जाऊ लागली. मराठी विकिपीडिया २००३ सालच्या महाराष्ट्रदिनी सुरू झाला होता. वर्ध्याच्याच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचे ‘हिंदीसमय’ हे वाङ्मयाचे संकेतस्थळ पुढे नागरी वाचकाला उपलब्ध झाले. युनिकोडमधील अशी पाने लहान फोनच्या आटोक्यात आणण्याचे श्रेय या ठशांना दिले पाहिजे. कालेलकरांच्या मंडळींनी जे अक्षराकडून मागितले होते ते येथे अक्षराकडून कोणी मागितले नाही. वेलांटी जागच्या जागी राहिली. दूरच्या गिरणीने चार वाटण अधिक दळले.

मात्र हे फुकट नव्हते. चित्र मजकुरापेक्षा जड. म्हणजे ज्याच्या खिशाला बिल कमी करणे सर्वांत जरूर, त्या मराठी वाचकालाच इंग्रजी वाचकापेक्षा अधिक पैसे पडत. चित्रातील शब्द उचलून दुसरीकडे लिहिता येत नसे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपण जे वाचतो, जे लिहितो, ते सगळे एका परक्या घरातून उघडून पाहून जाते. बँकेची कुलूपबंद पानेसुद्धा त्या वाटेवर मध्येच उघडावी लागत, कारण उघडल्यावाचून ती आखडता येत नसत. तारघरातल्या मास्तराला गावाची सगळी सुखदुःखे ठाऊक असत तसा हा प्रकार. फरक असा की मास्तर गावातलाच असे.

अँड्रॉइड फोन स्वस्त होऊ लागले तेव्हा वाटले की आता ही अडचण संपली. परंतु त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांतही तेच चौकोन होते. २०११ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून नागरी टंक आणि अक्षरे जुळविण्याची विद्या फोनच्याच पोटात बसू लागली. तेव्हापासून ठशांची गरज हळूहळू ओसरली, आणि ॲपच्या बाजारातून प्रोग्रॅम उतरवून घेण्याची रीत सर्वत्र झाली. जाते परत घरात आले. फक्त ते विकणारे दुकान आता मुख्यतः दोनच मालकांचे राहिले. हा स्वराज्याचा प्रकार आहे असे निदान मला म्हणवत नाही.

वेबच्या बाजूची माणसे स्वस्थ बसली नव्हती. मोझिला या संस्थेने सबंध फोनच वेबपानांच्या भाषेवर उभा केला. फायरफॉक्स ओएस असे त्याचे नाव; २०१३ साली तो परदेशात आणि २०१४ सालच्या ऑगस्टमध्ये दोन हजार रुपयांच्या आत आपल्याकडे विक्रीस आला. तो चालला नाही. परंतु त्याच्याच बियाण्यापासून कायओएस निघाली, आणि २०१७ साली जाहीर झालेल्या जिओफोनच्या आत ती होती. दीड हजार रुपये अनामत ठेवून मिळणारा, कळा असलेला तो साधा फोन. त्यातले प्रत्येक ॲप आतून वेबचे पानच असे. जॉब्ज यांनी २००७ साली श्रीमंतांच्या फोनसाठी सुचविलेली आणि श्रीमंतांनी नाकारलेली रीत दहा वर्षांनी शेतकऱ्याच्या बंडीतल्या फोनवर पोचली. तिकडे २०१५ सालापासून मोठ्या कंपन्याही अशा वेब ॲपांकडे पुन्हा वळल्या होत्या, जी एकदा उघडली की थोडे पीठ घरात साठवून ठेवितात आणि तार तुटली तरी अगदी उपाशी मारीत नाहीत.

वर्धा जिल्ह्यातील खातेदाराला या सर्वाचा उपयोग कोठे होतो असे कोणी विचारील. एकच उदाहरण देतो. सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर नागपूर विभाग निवडावा, वर्धा जिल्हा निवडावा, आठ तालुक्यांतून आर्वी किंवा हिंगणघाट किंवा समुद्रपूर निवडावा, मग गाव, मग गट क्रमांक. की सातबारा समोर. फोनमध्ये काही बसवावे लागत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराही मिळू लागला. याउलट १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसाठी फोनवर ॲप उतरवून घ्यावे लागले, कारण शेतात उभे राहून कपाशीचे किंवा तुरीचे छायाचित्र आणि त्या जागेची खूण एकदम द्यावयाची होती. एक काम गिरणीचे, दुसरे जात्याचे. दोन्हींना आपापली जागा आहे.

पण सातबाऱ्यावर नाव असते, आणि नावात वेलांटी असते. ‘किसन’चा ‘कसिन’ झालेला अग्रलेखात चालून जाईल. वाचणारा हसून पुढे जातो. उताऱ्यावर तो झाला तर कर्जाच्या अर्जापासून वारसाच्या नोंदीपर्यंत मनुष्य तलाठ्याच्या दारात उभा राहतो. पडद्यावरची वेलांटी जागच्या जागी राहणे ही सौंदर्याची बाब नसून हक्काची बाब आहे, हे अशा वेळी कळते.

वर्ध्याची ‘अ’ची बाराखडी आता जुन्या पुस्तकांतच भेटते. तथापि आजच्या कोणत्याही बऱ्या फोनवर ‘अ’ लिहून त्याला ह्रस्व वेलांटी देऊन पाहावी. यंत्र कुरकुर करीत नाही; वेलांटी उचलून ‘अ’च्या आधी नीट बसविते आणि कालेलकरांचे ‘अि’ पडद्यावर उमटते. ज्या अक्षराचा जन्म यंत्राच्या असमर्थतेतून झाला, ते आता त्याच यंत्राला इतर अक्षरांइतकेच सोपे झाले आहे.